निरोगी माणूस पाहिजे, नात्यातला नसावा

३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. सकाळी उठल्यावर पाठ किती वेळ आखडलेली राहते, एवढंच रोज लिहायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात दोनशे पानीच मिळाली. पाठीला दोन ओळी पुरतात आणि उरलेलं पान कोरं सोडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून इतरही काय काय लिहीन. ही वही खासगी आहे. पूर्णिमाने, म्हणजे बायकोने, वाचली तर निदान वाचल्याचं सांगू नये.

आजची पाठ: चहा, पेपर आणि पेपरातल्या श्रद्धांजल्या वाचून होईपर्यंत लाकूड.

गेली तीस वर्षं मी ही पाठ टेलिफोन खात्याच्या नावावर टाकत आलो. उमेदीत खांबांवर चढलो त्याचा हा परिणाम, असं मनाशी धरून होतो. कोणाला काही बोललो नाही. पाठ दुखते ही काय सांगायची गोष्ट आहे? पण गेल्या महिन्यात उत्कर्षाने, म्हणजे आमच्या मुलीने, मला अक्षरशः धरून सदाशिव पेठेतल्या संधिवात केंद्रात नेलं. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस निघाला. शरीर स्वतःच्याच कण्यावर चिडतं, सांध्यांना आतून सूज येते आणि वर्षानुवर्षं ते एकमेकांना चिकटत जातात. माझी मान तर केव्हाच चिकटली आहे. मागचं बघायचं तर मी आख्खाच वळतो. सोसायटीत मला शिष्ट म्हणतात. म्हणू देत.

गंमत म्हणजे उत्कर्षाला आजाराचं नाव आधीच तोंडपाठ होतं. इंटरनेटवर वाचलं म्हणाली. आयटीतल्या लोकांना सगळ्यातलं कळतं असा त्यांचा समज असतो. या वेळी खरा निघाला.

६ फेब्रुवारी

पाठ: कालच्यासारखीच.

केंद्रात दीपाली नावाची मुलगी संशोधन करते. इतकी गोड बोलते की पुण्याची नसावी, म्हणून विचारलं. साताऱ्याची निघाली.

तिने समजावलं ते असं. या आजाराशी जोडलेलं एक जनुक आहे. जगात काही समाजांत ते पुष्कळांकडे असतं, काहींत क्वचित. पण जनुक आहे म्हणजे आजार होतोच असं नाही. बहुतेक लोक ते घेऊन सुखाने जगतात आणि त्यांना पत्ताही नसतो. आणखी कोणती जनुकं आगीत तेल ओततात, ते समाजासमाजात वेगळं असू शकतं. त्यासाठी ती एकेका समाजाचे पन्नाशीपुढचे पुरुष गोळा करते आहे. आमचा गट, म्हणजे विदर्भातले कासार, एका जोडीने अडला आहे. जोडी म्हणजे एक रुग्ण आणि एक निरोगी. दोघे एकाच समाजाचे, साधारण एकाच वयाचे, आणि एकमेकांच्या नात्यातले नसलेले. रुग्ण मी आहेच. निरोगी माणूस मी आणायचा. अठ्ठावीस मार्चपर्यंत नाही आणला, तर आमचा गट या खेपेला गळणार.

"आमच्या लोकांचं कळलं तर पुढच्या पिढीत कोणाला धोका किती, ते सांगता येईल?" उत्कर्षाने विचारलं.

"आजच्यापेक्षा नेमकं," दीपाली म्हणाली. "सध्या आम्ही युरोपातल्या लोकांचे आकडे तुम्हाला लावतोय."

भंडाऱ्याच्या कासाराला युरोपातले आकडे. हे ऐकूनच मी सही केली. शेजारी खुर्ची रिकामी असूनही उत्कर्षा सगळा वेळ उभी होती. हल्लीच्या मुलांना बसासुद्धा सांगावं लागतं.

९ फेब्रुवारी

निरोगी माणूस शोधणं वाटलं तितकं सोपं नाही. पुण्यात आमचा समाज मूठभर. त्यातले साठ ते पासष्टचे पुरुष त्याहून कमी, आणि त्यातल्या बहुतेकांना मी कधी ना कधी काहीतरी स्पष्ट बोललेलो आहे.

दशरथचं नाव पूर्णिमाने काढलं. मी विषय बंद केला. दशरथ आणि मी भंडाऱ्याला एका बाकावर शिकलो, एका खात्यात लागलो, पुण्यालाही एकाच आठवड्यात आलो. या वयात तो रोज पर्वती चढतो आणि चढल्याचं सगळ्यांना सांगतो. नऊ वर्षांपूर्वी समाजाच्या मंडळाच्या कोजागिरीला मी मसाला दूध पीत उभा होतो. तो मागून "रंग्या, रंग्या" करत होता. मला ऐकू आलं होतं. पण ज्याला बोलायचं आहे त्याने समोर यावं, हा साधा शिष्टाचार आहे. तो आला नाही, उलट सगळ्यांसमोर म्हणाला की साहेबांना प्रमोशन मिळालं, आता ते वळूनसुद्धा बघत नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. चूक कोणाची हे उघड आहे.

"दुनियाभर हिंडून राहिले, आन समोरच्या गल्लीतला माणूस चालत नाही," पूर्णिमा म्हणाली. पुण्यात पस्तीस वर्षं काढून तिची बोली भंडाऱ्याचीच राहिली आहे.

१६ फेब्रुवारी

पाठ: आप्पासाहेबांच्या सोफ्यामुळे दिवसभर.

आप्पासाहेब मंडळाचे अध्यक्ष. वय चौसष्ट, तब्येत ठणठणीत, आवाज त्याहून ठणठणीत. रक्त द्यायला एका पायावर तयार झाले. चूक एवढीच केली की पूर्णिमाला सोबत नेलं.

चहा येईपर्यंत तिने आप्पासाहेबांच्या बायकोला माहेर विचारलं. तुमसर. तुमसरला कोणाच्या घरचे? साखर ढवळून होईपर्यंत नातं निघालं. आप्पासाहेबांच्या सुनेची मावशी ही पूर्णिमाच्या धाकट्या बहिणीची जाऊ. दोघींनी एकमेकींना मिठी मारली. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं, "क्षमा करा, तुम्ही बाद."

आप्पासाहेबांना आयुष्यात कोणी बाद म्हटलं नसावं. दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

घरी येताना पूर्णिमा खुशीत होती. "बरं झालं, एवढ्या वर्षांचं नातं निघालं." मी रिक्षात तोंड फिरवून बसलो असतो, पण तेही जमत नाही.

२३ फेब्रुवारी

आज हडपसरजवळच्या मांजरीला एकटा गेलो. तिथे माऊली राहतात, ऊस संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. वय, समाज, तब्येत सगळं बसतं. निघतानाच ठरवलं होतं, गावाचं नाव काढायचं नाही. गाव निघालं की आडनावं निघतात, आडनावं निघाली की माणूस हातचा जातो.

पण दोन वैदर्भी माणसांनी गावाशिवाय बोलायचं काय? मी मेट्रोबद्दल बोललो. ते उसाबद्दल बोलले. मी पुन्हा मेट्रोवर आलो. तेवढ्यात त्यांची बायको पोहे घेऊन आली.

"भाऊजी कुठले?"

"पुण्याचे."

"मूळचे हो."

"मूळचे पण पुण्याचे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, पोहे घ्या ना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घेऊनच तर राहिलो." बस. पुण्याचा कोणता माणूस असं बोलतो? बाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि पोहे संपायच्या आत त्या माझ्या साडूच्या भावजयीची सख्खी बहीण निघाल्या. मला आणखी पोहे वाढले, घरी न्यायला तिळाची चटणी दिली. एवढ्या प्रेमाने माझं एवढं नुकसान कोणी केलं नव्हतं.

२ मार्च

पाठ: बरी.

उत्कर्षाला नागपूरहून स्थळ आलं होतं. मुलगा चांगला. तिने फोटोही पाहिला नाही. "मला लग्नच करायचं नाहीये, बाबा. मुलंबिलं तर नाहीच नाही." एकोणतिसाव्या वर्षी इतकं ठाम बोलते जणू सगळं जग बघून झालं.

डोळाही पुन्हा लाल झाला आहे, सहा महिन्यांत दुसऱ्यांदा. दिवसभर लॅपटॉप, दुसरं काय? पहाटे गॅलरीत फेऱ्या मारते आणि मग गिझर लावून इतका वेळ गरम पाण्याखाली उभी राहते की मी जाईपर्यंत पाणी थंड. बोललो तर म्हणाली, "सॉरी बाबा." वाद घातला नाही. हे मला विचित्र वाटलं.

८ मार्च

माणूस मिळत नाही म्हटल्यावर जाहीरच विचारावं असं ठरवलं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला. मुद्देसूद होता, इथे उतरवतो:

"पाहिजे: आपल्याच समाजातील पुरुष, मूळ विदर्भातील. वय साठ ते पासष्ट. निरोगी. नात्यातला नसावा. काम अठ्ठावीस मार्चच्या आत उरकायचे आहे. संपर्क: उत्कर्षा."

माझा फोन मी विसरत असतो म्हणून खाली तिचा नंबर दिला.

९ मार्च

काय लिहावं कळत नाही.

कालपासून उत्कर्षाच्या फोनवर तीन बायोडेटा आले आहेत. हडपसरचे रविराज, बासष्ट वर्षांचे विधुर, यांनी सुटातला फोटो पाठवून खाली लिहिलं आहे, "वयाची अट पूर्ण करतो. शाकाहारी." आणखी एकाने पत्रिका जोडली आहे. मंडळाच्या बायका पूर्णिमाला फोन करून हळू आवाजात विचारत आहेत, "एवढी काय घाई झाली हो? आणि मुलगा एवढा मोठा कशाला?"

पूर्णिमा माझ्याशी बोलत नाही. भाजी ताटात वाढत नाही, टाकते. मी विचारलं, माझ्या मजकुरात लग्न हा शब्द कुठे आहे ते दाखव. तिने दाखवलं नाही, कारण तो नाहीच.

रविराजना मी स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, रक्त द्यायला हरकत नाही, पण आधी मुलगी बघू. बोलता बोलता हेही कळलं की त्यांना कमरेचा पट्टा आहे. फोटोत तो कोटाखाली होता.

उत्कर्षा मात्र तो सुटातला फोटो बघून हसत सुटली. हसता हसता कमरेला हात लावून भिंतीला टेकली, डोळ्यांत पाणी आलं. इतकं हसणंही बरं नाही.

१७ मार्च

आज केंद्रात जाऊन दीपालीला सांगितलं, आमच्या समाजात नात्यात नसलेला माणूसच शिल्लक नाही. कोण कोण बघितले, तिने विचारलं. मी आप्पासाहेबांची सून, तिची मावशी, पूर्णिमाची बहीण, तिची जाऊ, मग माझा साडू, त्याची भावजय असं सगळं क्रमाने सांगितलं. ती लिहून घेत होती. मधेच तिने पेन खाली ठेवलं.

"काका, आम्हाला रक्ताचं नातं नको आहे. हे सगळं लग्नाचं नातं झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे साडूचं आणि तुमचं रक्त एक कसं असेल?"

"साडू नात्यातला नाही, असं तुम्ही म्हणताय?"

"अभ्यासापुरता नाही."

हे माझ्या साडूला कळलं तर तो आमच्याकडे जेवणार नाही. सव्वा महिना मी चांगली चांगली माणसं बाद करत बसलो होतो. दीपालीने कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटत होता हे दिसत होतं.

२० मार्च

आप्पासाहेबांना फोन केला. म्हणाले, "बाद झालेल्या माणसाला आता पाठदुखी सुरू झाली आहे." फोन ठेवला. माऊली मुलाकडे बंगळुरूला गेलेत, मे महिन्यात येतील.

पूर्णिमाने गॅलरीचा पडदा सरकवला. समोरच्या गल्लीतली दशरथची बिल्डिंग दिसत होती.

मी म्हणालो, नऊ वर्षं मी गेलो नाही, आता जाणार नाही, गट गळला तर गळू दे. भंडाऱ्याचे कासार इतकी शतकं आकड्यांवाचून जगले, आणखी थोडे जगतील. तर उत्कर्षा जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, प्लीज. माझ्यासाठी जा." लहानपणी सायकल मागितली तेव्हाही ती असं बोलली नव्हती. हिला एवढं काय पडलंय, ते मला कळलं नाही. पण नाही म्हणता आलं नाही.

२१ मार्च

पाठ: लक्षात नाही.

दशरथने स्वतःच दार उघडलं. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं, जनुक, जोडी, अठ्ठावीस तारीख. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"नऊ वर्षांनी आलास," तो म्हणाला, "आणि रक्त मागायला?"

"थोडंच लागतं," मी म्हणालो.

"विचार करून सांगतो." दार लागलं. चहा विचारला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारला नसता, पण ते वेगळं.

२७ मार्च

आज बरंच लिहायचं आहे.

काल दशरथचा निरोप आला. एकच शब्द, "किती वाजता." आज तो माझ्या आधी केंद्रात येऊन बसला होता. माझ्यासोबत उत्कर्षा होती. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला वाकायला सांगितलं. पठ्ठ्याने दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि तसाच उलटा राहून माझ्याकडे बघितलं. मग माझी पाळी. माझी बोटं गुडघ्याखाली जरा गेली आणि थांबली. नंतर मला स्टुलावर बसवून मान वळवायला सांगितली. मान जागची हलली नाही.

दशरथ मागे बसला होता. हळूच म्हणाला, "रंग्या."

मी वळलो. म्हणजे पाय, कंबर, स्टूल सगळं घेऊन वळलो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"म्हणजे कोजागिरीला तुला वळताच येत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग सांगायचं ना, बाबा."

"तू समोर यायचं ना."

"मला वाटलं प्रमोशन डोक्यात गेलं," तो म्हणाला. ते गेलंच होतं, हेही मी कबूल केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भांडण झालं असेल तर श्वास घेताना छाती किती फुगते ते मोजू.

मग दीपालीने घरच्यांबद्दल विचारलं. वडिलांना असं काही होतं का? मी नाही म्हणालो. दशरथ मधे पडला. "नाही काय? तुझे बाबा म्हातारपणी जमिनीकडे बघत चालायचे. आम्ही पोरं म्हणायचो, जन्मभर भांडी ठोकली म्हणून वाकले." दीपालीने माझ्याकडे बघितलं. मला बाबांची पाठ आठवली, भट्टीजवळची. ते सकाळी भिंत धरून उठायचे आणि आई म्हणायची, कामाने झिजले. बाबांचं आम्ही भांड्यांवर ढकललं, माझं मी खांबांवर.

तेवढ्यात नर्स दारातून डोकावली. "उत्कर्षा मॅडम, तुमचं इंजेक्शन आत्ता घेणार, की बाबांचं आटपल्यावर?"

उत्कर्षाचा चेहरा बघितला आणि मला काही विचारावं लागलं नाही. रिकामी खुर्ची, लाल डोळा, पहाटेच्या फेऱ्या, गरम पाणी. सगळं याच आजारापायी, डोळासुद्धा, आणि ते मी लॅपटॉपवर ढकललं होतं. दीड वर्षापासून तिचे उपचार चालू आहेत. घरात आणखी कोणाला आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, म्हणून तिने मला इथे आणलं. आणि मी समजत होतो की तिने माझ्यासाठी आणलं. तेही खरंच होतं म्हणा.

दशरथ उठून बाहेर गेला आणि तिघांसाठी चहा घेऊन आला. दीपालीने सांगितलं, रक्त देईपर्यंत दोघांनी प्यायचा नाही. त्याने एकट्या उत्कर्षाला दिला.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "माझ्याकडून आलं तुला."

"बाबा, हे नाक पण तुमच्याकडून आलंय," ती म्हणाली. "त्याबद्दल मी कधी काही बोलले का?"

मी रडलो. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.

२८ मार्च

पाठ: आहे तशी.

दीपालीचा निरोप आला, जोडी लागली, गट पूर्ण झाला. आकडे यायला वर्ष-दोन वर्षं लागतील म्हणे.

सकाळी गॅलरीत गेलो तर उत्कर्षा फेऱ्या मारत होती. मीही मारायला लागलो. जागा अरुंद, दोघांनाही चटकन वळता येत नाही, त्यामुळे दर फेरीला वाहतूक तुंबत होती. मी विचारलं, आम्हाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, काय सांगणार होते? तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि मग कठड्याला टेकून, खाली बघत म्हणाली, "मला भीती वाटते, बाबा. उद्या माझ्या पोराला झालं तर?"

दशरथ असता तर काहीतरी बरं बोलला असता. मला जे सुचलं ते मी बोललो. "बाबांनी जन्मभर कोणाला सांगितलं नाही. मी तीस वर्षं नाही सांगितलं. तू दीड वर्षापूर्वीच सापडलीस आणि तुला इंजेक्शन चालू आहे, तू हिंडतेस, वाकतेस. तुझ्या पोराने पहिल्याच सकाळी सांगितलं म्हणजे झालं. त्याचं दुखणं कोणालाही कशावर ढकलू देणार नाही, मी आहे."

ती नाक पुसून म्हणाली, "आधी लग्न तर होऊ द्या."

हे वाक्य या घरात पूर्णिमा आणि मी म्हणायचो. तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं.